कपाळावरची फळी

‘चिनूक’ हा शब्द मराठी वाचकाला बहुधा हेलिकॉप्टरमुळे ठाऊक असतो. २०१९ साली भारतीय वायुदलात दाखल झालेले, दोन मोठे पंखे असलेले ते अवजड यंत्र. अमेरिकी लष्कराने आपल्या हेलिकॉप्टरांना मूलनिवासी जमातींची नावे देण्याचा प्रघात पाडला आणि त्यातून ‘अपाची’ व ‘चिनूक’ ही नावे आपल्यापर्यंत पोहोचली. प्रशांत महासागरातल्या सर्वांत मोठ्या साल्मन माशाचे नावही चिनूक. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून वाहणाऱ्या उबदार वाऱ्याचे नावही चिनूक. ज्या माणसांचे हे नाव आहे, त्यांच्या जमातीला मात्र अमेरिकेचे केंद्र सरकार अधिकृत मान्यता देत नाही. हा धागा त्या माणसांविषयी आहे.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोलंबिया नदी समुद्राला मिळते. आज तिच्या उत्तर तीरावर वॉशिंग्टन राज्य आहे आणि दक्षिण तीरावर ओरेगन. मुखापासून आत सुमारे तीनशे किलोमीटरवर, जेथे नदी काळ्या खडकांच्या चिंचोळ्या वाटेतून घुसते, तेथपर्यंत दोन्ही तीरांवर एकाच भाषाकुळातील लोकांची गावे होती. मुखाजवळ उत्तरेला खुद्द चिनूक, दक्षिणेला क्लॅट्सॉप; थोडे वर काथलामेट आणि वाकायकम; आजच्या पोर्टलंड शहराच्या परिसरात मल्टनोमा व क्लॅकमस; आणि सर्वांत वर वास्को व विशराम. या सर्वांना मिळून ‘चिनूक’ म्हणणे ही बाहेरच्यांनी केलेली सोय होय. त्यांचा एक राजा नव्हता, एक राजधानी नव्हती. गाव हेच राज्य, आणि गावचा सरदार हा संपत्ती, नातीगोती आणि वक्तृत्व यांच्या बळावर टिकून राहणारा माणूस. गावकऱ्यांना तो पटेनासा झाला तर ते दुसऱ्या गावी जाऊन राहू शकत.

पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनात एक जिना बसवून ठेवला आहे: आधी शिकार, मग शेती, शेतीतून धान्याची कोठारे, कोठारांतून उच्चनीच भेद आणि राजे. चिनूक समाज या जिन्यावर कोठेच बसत नाही. त्यांनी शेती केली नाही. तरीही त्यांच्याकडे कायमची घरे होती, साठे होते, चलन होते, वंशपरंपरेने चालणारी प्रतिष्ठा होती आणि गुलामही होते. हे सारे नदीने दिले.

वसंतापासून शरदापर्यंत साल्मन मासे समुद्रातून नदीत चढतात, आपल्या जन्मस्थळी जाऊन अंडी घालतात आणि मरतात. त्यांच्या झुंडी ठरावीक काळी, ठरावीक वाटांनी येतात. माणसाने फक्त योग्य जागी उभे राहायचे. त्यातही योग्य जागा मोजक्याच, म्हणून त्यांवर घराण्यांचे हक्क ठरलेले. हिवाळ्याच्या अखेरीस युलाकॉन नावाचा चिमुकला मासा येई. तो इतका तेलकट, की वाळवून पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. याशिवाय प्रचंड आकाराचे स्टर्जन, सील, हरणे, बेरीची फळे. आणि वापाटो. हा पाणथळीत, चिखलाखाली वाढणारा कंद; शिंगाड्यासारखा पाण्यातला, पण चवीला बटाट्याजवळचा. तो काढणे हे स्त्रियांचे काम. एखादी हलकी होडी बरोबर घेऊन स्त्री छातीइतक्या थंड पाण्यात उतरे, पायाच्या बोटांनी चिखलातला कंद मोकळा करी, कंद पृष्ठभागावर तरंगत आला की उचलून होडीत टाकी. शरदातल्या त्या पाण्यात स्त्रिया तासन्‌तास उभ्या असत. खाली समुद्राकडच्या गावांत वापाटो होत नसे, त्यामुळे त्याला तेथे भाव येई.

आणि वर, द डॅल्सच्या परिसरात, मासा हाच माल होता. तेथले कोरडे वारे मासा लवकर वाळवत. वाळलेला मासा दगडांमध्ये कुटून त्याचा चुरा करीत, आतून माशाच्या कातडीचे अस्तर लावलेल्या गवती टोपल्यांत तो ठासून भरीत. एकेका टोपलीत चाळीस ते पंचेचाळीस किलो. असा मासा वर्षानुवर्षे टिकतो. ऑक्टोबर १८०५ मध्ये मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम सेलिलो धबधब्याजवळून गेली तेव्हा क्लार्कने खडकांवर रचून ठेवलेल्या अशा टोपल्यांच्या १०७ चळती मोजल्या. दूरच्या गवताळ पठारांवरचे लोक घोडे आणि रानरेड्यांची कातडी घेऊन तेथे येत, समुद्राकडून शिंपले आणि तेल येई. या बाजारपेठेच्या दोन्ही टोकांना मध्यस्थ म्हणून चिनूक भाषिक बसले होते, आणि मध्यस्थाला काय मिळते हे व्यापाराचा इतिहास वाचणाऱ्यास सांगायला नको.

चलन होते डेंटेलियम या समुद्री जिवाचे कवच: हस्तिदंताचा सूक्ष्म नमुना वाटावे असे पांढरे, वाकडे, पोकळ. उत्तरेकडच्या व्हँकुव्हर बेटावरून ते येई. दोऱ्यात ओवून त्याच्या माळा मोजल्या जात. मोठी कवचे अधिक मोलाची. पुढे युरोपीय मणी आले तेव्हाही चिनूकांनी वाटेल ते मणी घेतले नाहीत. त्यांना निळे हवे होते, ज्यांना ते ‘सरदारांचे मणी’ म्हणत. नोव्हेंबर १८०५ मध्ये समुद्री ऊदमांजराच्या कातड्याचा एक अप्रतिम झगा लुईस-क्लार्क यांना हवा होता. देऊ केलेल्या साऱ्या वस्तू मालकाने नाकारल्या. अखेर मोहिमेतल्या सॅकाजाविया या शोशोनी स्त्रीच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा द्यावा लागला आणि तिला बदल्यात निळ्या कापडाचा कोट मिळाला. रोजनिशी लिहिणाऱ्यांनी चिनूकांच्या घासाघिशीविषयी पानेच्या पाने कुरकुर केली आहे. ती कुरकुर वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, १७९२ च्या मे महिन्यात रॉबर्ट ग्रेचे ‘कोलंबिया रेडिव्हिवा’ हे जहाज नदीत शिरल्यापासून तेरा वर्षे या लोकांनी जहाजी व्यापाऱ्यांशी सौदे केले होते. बाजारभाव त्यांना पाहुण्यांपेक्षा चांगला कळत होता. सौद्याला बहुधा स्त्रिया बसत, आणि त्यांचा शब्द पुरुषांना मानावा लागे, हे पाहून पाहुण्यांना आणखीनच आश्चर्य वाटले.

घरे सीडर वृक्षाच्या फळ्यांची. हे लाकूड सुगंधी, सरळ रेषेत चिरणारे आणि पावसात न कुजणारे. शिंगाच्या अथवा कठीण लाकडाच्या पाचरी ठोकून त्याच्या लांबलचक फळ्या काढीत. जमीन थोडी खणून घेत, वर खांब, तुळया आणि उतरते छप्पर. आत शिरायला एक लहानसे भोक, ज्यातून वाकूनच जावे लागे. मध्ये चुलींची रांग, भिंतींच्या कडेने झोपण्याचे माच, वर धुरात टांगलेले मासे. मार्च १८०६ मध्ये लुईस-क्लार्क यांनी कॅथलापोटल नावाच्या गावात अशी चौदा घरे पाहिली. पुढे तेथे उत्खनन झाले, आणि जवळच्याच एका दुसऱ्या स्थळी तीस मीटर लांबीचे घर सापडले. दोन्ही ठिकाणी माचांखाली व जमिनीखाली साठवणीचे खोल खड्डे मिळाले. ही घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. कुजलेला खांब काढायचा, त्याच जागी नवा रोवायचा. एका छपराखाली अनेक कुटुंबे राहत आणि कोण कोणत्या बाजूस झोपतो यावरून त्याची पायरी समजे.

होडीचे काय सांगावे! एकाच सीडरच्या ओंडक्यातून कोरलेली, आत पाणी भरून त्यात तापलेले दगड टाकून मऊ केलेली, मग आडव्या काठ्या घालून रुंद केलेली. १८०५ च्या नोव्हेंबरात लुईस-क्लार्क यांचा तांडा नदीमुखाच्या वादळात एका खडकाळ कोपऱ्यात अडकून पडला होता. लाटांपुढे त्यांच्या डोंग्यांचा निभाव लागेना. त्याच लाटांतून काथलामेट लोक पलीकडच्या तीरावरून आले, मासे विकून गेले. असे होडीवान आपण कधी पाहिले नाहीत, असा निर्वाळा क्लार्कने दिला. त्या होड्यांचे मोल मोहिमेला एवढे पटले, की मार्च १८०६ मध्ये परतीच्या प्रवासाला निघताना एक होडी विकत मिळेना म्हणून त्यांनी क्लॅट्सॉपांची सरळ चोरली. हिवाळ्यात क्लॅट्सॉपांनी आपल्या शिकारीतले काही एल्क पळवले होते, असे कारण रोजनिशीत नोंदवले आहे. ज्या क्लॅट्सॉपांनी हिवाळाभर त्यांना अन्न विकले, त्यांच्याशी हा व्यवहार झाला.

वर्षातल्या पहिल्या साल्मनचा मान मोठा होता. तो आडवा चिरायचा नाही, उभाच चिरायचा. त्याचे काळीज कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. सूर्यास्तापूर्वी तो संपला पाहिजे. हे मोडले तर मासे रागावून नदीत यायचे थांबतील. १८११ साली अ‍ॅस्टोरिया येथे फरचा व्यापार करणारे पहिले ठाणे उभे राहिले तेव्हाची गोष्ट गॅब्रिएल फ्रांशेर या कारकुनाने लिहून ठेवली आहे. मासे आले होते, गोऱ्यांना भूक होती, परंतु चिनूक अगदी थोडेच मासे विकायला आणीत. कारण हे नवे लोक ते आडवे कापतील अशी त्यांना धास्ती होती. आम्ही तुमच्याच रीतीने शिजवू आणि दिवस मावळण्यापूर्वी खाऊ, असे वचन दिल्यावर मासे मिळाले. यात भाबडी समजूत पाहणारे पाहोत. पहिल्या झुंडीला सावकाश, विधिपूर्वक, थोडेथोडे पकडायचे या नियमाचा एक परिणाम असा, की पुष्कळ मासे वरच्या गावांपर्यंत आणि अंडी घालण्याच्या जागांपर्यंत पोहोचत. पुढे ज्यांनी हे नियम पाळले नाहीत, त्यांच्या डबाबंद माशांच्या कारखान्यांनी नदीचे काय केले, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आता त्या गोष्टीकडे यावे, जिच्यामुळे चिनूकांचे नाव युरोपभर झाले.

बाळ जन्मल्यानंतर त्याला लाकडी पाळण्यात निजवीत. पाळण्याच्या उशाकडे चामड्याच्या वादीने एक फळी जोडलेली असे. कपाळावर मऊ सालीची अथवा गवताची गादी ठेवून तिच्यावर ही फळी टेकवायची आणि दोरी थोडीथोडी आवळत न्यायची. कित्येक महिने, कधी वर्षभर हे चाले. अर्भकाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने ती हवा तसा आकार घेतात. फळी निघे तेव्हा कपाळ नाकाच्या मुळापासून माथ्यापर्यंत एका सरळ उतारात गेलेले असे आणि ते आयुष्यभर तसेच राही. बुद्धीवर याचा काही परिणाम झाल्याचे दिसले नाही. उलट ज्यांनी त्यांच्याशी सौदे केले त्यांनी त्यांच्या हुशारीचीच तक्रार केली आहे.

बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करणाऱ्या घरांत वाढलेल्या वाचकाला यात निव्वळ क्रौर्य दिसू नये. डोक्याला आकार देण्यामागची माया तीच. सुंदर कशाला म्हणायचे, एवढ्यापुरताच फरक. परंतु येथेच थांबले तर निम्मेच सांगितल्यासारखे होईल. कारण चिनूकांच्या देशात सपाट कपाळ हे सौंदर्याच्या आधी दर्जाचे चिन्ह होते. ते फक्त स्वतंत्र माणसाच्या मुलाला मिळे. गुलामाच्या मुलाच्या पाळण्याला फळी लावण्यास मनाई होती. गोल डोके म्हणजे दास्य, आणि ते कोणत्याही पोशाखाखाली लपत नसे.

गुलाम मुख्यतः व्यापारातून येत, काही धाडींतून. दक्षिणेकडच्या दूरच्या जमातींतून, हातोहात विकत आलेली माणसे. बहुतेक स्त्रिया आणि मुले. लाकडे, पाणी, मासे साफ करणे, वल्ही मारणे ही कामे त्यांची. मालकाच्या घरातच ती राहत, तेच खात, आणि कित्येकदा वरवर पाहणाऱ्यास मालक-गुलाम वेगळे ओळखू येत नसत, डोके सोडून. मोठा सरदार मेला तर त्याच्याबरोबर एखाद्या गुलामाचा जीव घेतला जाई. गुलाम मेला तर त्याला चिनूकांचा सन्मानाचा अंत्यविधी मिळत नसे. चिनूकांविषयीच्या आधुनिक लेखनात हे प्रकरण पुष्कळदा दोन ओळींत उरकले जाते. सहानुभूतीने लिहिणाऱ्यास ते अडचणीचे वाटते. उलट एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांना आणि वसाहतवाल्यांना तेच फार आवडे, कारण जमीन घेण्याचे ते एक समर्थन होते. गुलामांचे व्यापारी असलेल्यांची जमीन लुबाडणे न्याय्य ठरत नाही, आणि जमीन लुबाडली गेली म्हणून त्या गोल डोक्याच्या मुलींचे दुःख कमीही होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतात.

या नियमाने पाहता, जहाजांतून उतरलेल्या गोऱ्या लोकांची डोकी कोणत्या वर्गात मोडत होती हे उघड आहे. त्या लोकांनी मात्र उलट्या बाजूने पाहिले. त्यांनी या मंडळींना ‘फ्लॅटहेड’ म्हटले. (गंमत अशी, की ज्या जमातीला फ्लॅटहेड हे नाव चिकटले, ते माँटानातले लोक डोके सपाट करीत नसत.) पॉल केन हा चित्रकार १८४६-४७ च्या सुमारास कोलंबियावर हिंडला. सपाट डोक्याची आई आणि पाळण्यात फळीखाली निजलेले बाळ हे त्याचे तैलचित्र आजही असंख्य पुस्तकांत छापले जाते. चित्रातली आई आणि बाळ हे मुळात मायलेक नव्हेत. वेगवेगळी रेखाटने केनने आपल्या कार्यशाळेत एकत्र आणली, आणि आईचे रेखाटन शेजारच्या काउलिट्झ जमातीतल्या स्त्रीचे आहे. चित्राला पुरावा मानणाऱ्या प्रत्येक होतकरू इतिहासप्रेमीने हे उदाहरण जपून ठेवावे.

स्वतंत्र माणूस मेला म्हणजे त्याला त्याच्या होडीत निजवीत. अंगाभोवती चटया, जवळ त्याची हत्यारे, भांडी, मणी. होडीच्या तळाला भोके पाडीत, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही, आणि चोराला ती होडी उपयोगाचीही राहणार नाही. मग ती खांबांवर उंच चढवीत. नदीतल्या खडकाळ बेटांवर, काठच्या सुळक्यांवर अशा होड्यांच्या रांगा असत. मृताचे नाव यानंतर कोणी उच्चारीत नसे. नदीकाठच्या एका उंच खडकावर इतक्या होड्या होत्या, की १७९२ साली आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला ‘शवपेटीचा डोंगर’ असे नाव दिले. १८४१ साली चार्ल्स विल्क्सच्या अमेरिकी शोधमोहिमेतल्या लोकांनी तेथे पेटवलेली आग पसरली आणि त्या होड्या जळून गेल्या. पुढे खडी काढण्यासाठी तो डोंगरच फोडून नेण्यात आला.

तोवर होड्यांत निजवायला माणसे उरली नव्हती, किंवा खरे तर निजवणारी उरली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवीच्या साथी येऊन गेल्या होत्या. १८३० साली जो ताप आला तो बहुधा हिवताप होता. दर उन्हाळ्याच्या अखेरीस तो परत येई. चिनूकांचा नेहमीचा उपाय म्हणजे वाफेच्या झोपडीत घाम काढून लगेच थंड नदीत उडी घेणे. या तापात त्याच उपायाने माणसे पटापट मेली. गोऱ्यांच्या किल्ल्यात थोडे कोयनेल होते. ते गावोगाव पुरणारे नव्हते. संशोधकांच्या एका हिशोबाप्रमाणे खालच्या कोलंबियावर आणि लगतच्या विलामेट खोऱ्यात मिळून जेथे पंधरा हजारांवर लोक होते, तेथे १८४१ पर्यंत दोन हजारही राहिले नाहीत. गावेच्या गावे ओस पडली. वसाहतवाल्यांना पुढे जी ‘रिकामी’ सुपीक जमीन सापडली, ती अशी रिकामी झाली होती.

या तापात कॉमकॉमली गेला. एका डोळ्याने अधू असलेला हा सरदार नदीमुखावरच्या व्यापाराचा खरा सूत्रधार होता. लुईस-क्लार्क त्याला भेटले होते. अ‍ॅस्टोरियाच्या ठाण्याचा प्रमुख डंकन मॅकडूगल याने १८१३ मध्ये त्याच्या मुलीशी लग्न केले. दुसऱ्या मुलीचा मुलगा रॅनल्ड मॅकडॉनल्ड १८४८ साली परदेशीयांना बंद असलेल्या जपानमध्ये मुद्दाम जाऊन पोहोचला आणि नागासाकीत कैदेत असताना त्याने जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. त्या शिष्यांपैकी एक, मोरियामा एइनोसुके, पुढे कमोडोर पेरीबरोबरच्या वाटाघाटींत दुभाषी होता. चिनूक मध्यस्थांच्या घराण्याचा धंदा असा प्रशांत महासागर ओलांडून गेला म्हणायला हरकत नाही.

कॉमकॉमलीच्या डोक्याची कथा निराळीच आहे. त्या काळी युरोपात कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव आणि वंशाची योग्यता सांगणारे एक ‘शास्त्र’ जोरात होते. सपाट कपाळाच्या कवट्यांना त्या बाजारात मोठी मागणी. १८३५ साली मेरेडिथ गेर्डनर या हडसन्स बे कंपनीच्या तरुण डॉक्टरने कॉमकॉमलीच्या समाधिस्थळी गुपचूप जाऊन त्याचे शिर काढून घेतले आणि इंग्लंडला जॉन रिचर्डसन या निसर्गशास्त्रज्ञाकडे पाठवले. गेर्डनर स्वतः क्षयाने आजारी होता. तो हवाई बेटांवर गेला आणि १८३७ मध्ये तेथेच वारला. शिर हास्लर येथील नौदलाच्या रुग्णालयातील संग्रहालयात शतकाहून अधिक काळ राहिले. ज्या उताराच्या कपाळाने कॉमकॉमली हा स्वतंत्र घराण्यातला माणूस ठरत होता, त्याच कपाळामुळे ती कवटी काचेच्या कपाटातला नमुना झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती अमेरिकेत परत आली, परंतु घरी नव्हे. अखेर १९७२ साली नदीमुखाजवळच्या इल्वाको गावच्या दफनभूमीत तिला माती मिळाली. मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी अधिक एक शतक.

माणसे गेली तशी भाषाही. फ्रान्झ बोआस हा मानववंशशास्त्रज्ञ १८९० मध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावर क्लॅट्सॉप बोलणारे शोधू लागला, तेव्हा उरलेले क्लॅट्सॉप शेजारच्या जमातीची भाषा बोलत होते. मग विलापा उपसागराच्या काठी बे सेंटर या वस्तीत त्याला चार्ल्स कल्टी भेटला. कल्टीला चिनूक येत होती आणि काथलामेटही. घरात मात्र तो बायकोमुलांशी तिसरीच, चेहालिस भाषा बोले. बोआस आणि कल्टी यांच्यात समान असलेली एकच बोली होती: चिनूक जार्गन, म्हणजे किनाऱ्यावरच्या बाजाराची मिश्र भाषा. तिच्यात चिनूकबरोबर व्हँकुव्हर बेटावरचे, फ्रेंच आणि इंग्रजी शब्द मिसळले होते. ‘टाई’ म्हणजे सरदार, ‘टिलिकम’ म्हणजे माणसे, ‘स्कूकम’ म्हणजे बलवान, ‘मेमलूस’ म्हणजे मेलेला. अमेरिकनाला ‘बोस्टन’ म्हणत, कारण जहाजे त्या बंदराची. इंग्रजाला ‘किंग जॉर्ज’. या बाजारू बोलीच्या तोडक्या पुलावरून कल्टीने बोआसला दोन मरू घातलेल्या भाषांतल्या कथा दिल्या. काही कथा बोआसने साडेतीन वर्षांनी पुन्हा सांगायला लावल्या, आणि कल्टीच्या स्मरणाची घट्ट वीण पाहून तो थक्क झाला. ‘चिनूक टेक्स्ट्स’ १८९४ मध्ये आणि ‘काथलामेट टेक्स्ट्स’ १९०१ मध्ये छापले गेले. हे कल्टीचे ग्रंथ आहेत असे म्हणायला हवे. मुखपृष्ठावर नाव बोआसचे आहे.

वरच्या अंगाची किक्श्त भाषा अस्खलित बोलणाऱ्या अखेरच्या वृद्धा २०१२ साली निवर्तल्या. जार्गन मात्र ओरेगनमधल्या ग्रँड रोंड येथे घरची भाषा होऊन टिकली होती, आणि आज तेथे मुलांना ती ‘चिनूक वावा’ या नावाने शिकवली जाते.

जमिनीचे प्रकरण थोडक्यात. ऑगस्ट १८५१ मध्ये टॅन्सी पॉइंट येथे सरकारी प्रतिनिधी अ‍ॅन्सन डार्ट याने चिनूक, क्लॅट्सॉप आणि शेजाऱ्यांशी करार केले. पूर्वजांच्या हाडांजवळच राहू द्यावे, हा या लोकांचा आग्रह करारांत मानला गेला होता. अमेरिकी सिनेटने ते करार कधीच मंजूर केले नाहीत. १८५५ मध्ये राज्यपाल स्टीव्हन्स याने नवा करार पुढे केला. त्यात उत्तरेला क्विनॉल्ट लोकांच्या मुलखाकडे जाण्याची अट होती. चिनूकांनी सही केली नाही. सही नाही, म्हणून करार नाही. करार नाही, म्हणून राखीव भूमी नाही. आणि दीडशे वर्षांनंतर, सलग जमात म्हणून नांदल्याचा पुरावा नाही. १९५७ च्या मार्चमध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली सेलिलो धबधबा काही तासांत बुडाला. क्लार्कने जेथे टोपल्यांच्या चळती मोजल्या ते खडकही त्याबरोबर गेले.

जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने चिनूक राष्ट्राला मान्यता दिली. क्विनॉल्ट जमातीने आक्षेप घेतला. जुलै २००२ मध्ये लुईस-क्लार्क मोहिमेच्या द्विशताब्दीनिमित्त चिनूकांच्या अध्यक्षांना व्हाइट हाउसमध्ये आमंत्रण होते. त्याच आठवड्यात मान्यता काढून घेतल्याचा निर्णय आला. त्यानंतरचे सारे अर्ज आणि दावे अजून त्या निर्णयाशी झगडत आहेत.

सप्टेंबर २०११ मध्ये विल्यम क्लार्कच्या वंशजांनी चोरलेल्या होडीच्या बदल्यात तशीच एक नवी होडी बनवून चिनूकांना दिली. दोनशे पाच वर्षे लागली. समारंभ झाल्यावर चिनूकांनी ती पाण्यात लोटली आणि वल्ही हाती घेतली.